ओळखीचे फोटो: पेठांत कॅमेरा घेऊन फिरण्याचा वर्षाचा खर्च

चार बाय सहा इंचांचा एक फोटो लॅबमधून छापून घ्यायला पुण्यात साधारण १० ते १५ रुपये पडतात. शहरात फिरून माणसांचे फोटो काढावेत, त्या निमित्ताने आपल्या गावाशी ओळख वाढावी, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हिशेब या आकड्यापासून सुरू करावा. बहुतेकजण कॅमेऱ्यापासून सुरू करतात. साठ-सत्तर हजारांचा कॅमेरा घरात येतो, मागोमाग बॅग येते, ट्रायपॉड येतो आणि फोटो मात्र मोबाइलच्या पडद्यावर अडकून राहतो. ज्या तांबटकाकांचा किंवा भाजीवाल्या मावशींचा तो फोटो असतो, त्यांना तो कधी बघायलाही मिळत नाही. मग ओळख व्हायची कशी?

या लेखात पुण्यातल्या जुन्या पेठा डोळ्यांसमोर ठेवून वर्षभराचा खर्च मांडला आहे. किमती अंदाजाच्या आहेत आणि दुकानागणिक थोड्या खालीवर होतील. कोल्हापूरची कपिलतीर्थ मंडई असो, नाशिकचा सराफ बाजार असो की म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, खर्चाची रीत सगळीकडे हीच राहील.

एकच आळी धरा

पहिला सल्ला फुकटाचा आहे, पण पैसे सर्वांत जास्त तोच वाचवतो. सगळं शहर टिपायला निघू नका. एक आळी, एक बाजार किंवा एक चौक निवडा आणि वर्षभर तिथेच जा.

कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडवली जातात. पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत जायचं, त्यातून भांड्याला चमकदार खळग्यांची नक्षी येते आणि पत्राही घट्ट होतो. याला मठारकाम म्हणतात. गल्लीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. पहिल्या दिवशी तुम्हाला फक्त हात आणि हातोडी दिसेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळेल की बंब घडवणारा कारागीर वेगळा आणि घंगाळ घडवणारा वेगळा. कोणत्या दुकानात सकाळी उन्हाची तिरीप येते, चहा किती वाजता येतो, कोणाचा मुलगा धंद्यात आहे आणि कोणाचा कंपनीत लागला, हेही हळूहळू समजू लागेल. फोटो सुधारतात ते या माहितीमुळे, आणि ही माहिती कुठल्याही लेन्समध्ये मिळत नाही.

जवळच कुंभारवाडा आहे, बुरूड आळी आहे. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ सालची. पालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं. अशा जागी उभं राहून फोटो काढताना निदान एवढं तरी ठाऊक असावं.

जायचा खर्च फार नाही. मेट्रोचं तिकीट १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान असतं, आणि सप्टेंबर २०२४मध्ये भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानकं पेठांच्या अगदी पोटात आली आहेत. जाऊन-येऊन ५० रुपये धरले, तर महिन्याच्या चार रविवारांचे २०० आणि वर्षाचे २,४०० रुपये होतात. गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात सकाळचा उजेड निघून जातो.

फोन, जुना कॅमेरा की नवा?

तुमच्या हातातला फोन गेल्या चार-पाच वर्षांतला असेल, तर पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४,००० बाय ३,००० बिंदूंचा असतो. इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने त्याची १३ बाय १० इंचांपर्यंत उत्तम प्रिंट निघते, म्हणजे भिंतीवर लावण्याइतकी मोठी. फोनने झूम मात्र करू नका, दोन पावलं पुढे जा. लॅबला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवलात तर तो आकसतो आणि मोठ्या प्रिंटला ते दिसतं.

फोन कमी पडतो तो अंधाऱ्या जागी. तांबट आळीतल्या कारखान्यांत उजेड दारातून येईल तेवढाच, आणि हातोडी तर सतत हलणारी. उडणारा हात स्थिर टिपायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं वेगवान हवं आणि त्याला भरपूर प्रकाश लागतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ १.८ ही लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणून कॅमेरा घ्यायचाच झाला तर महागड्या बॉडीपेक्षा ही साधी लेन्स जास्त कामाची. नवी दहा हजारांच्या आसपास पडते आणि वापरलेली सहाच्या आसपास मिळते.

माझं मत विचाराल तर वापरलेला डीएसएलआर घ्यावा. मिररलेस कॅमेऱ्यांकडे लोक वळल्यामुळे कॅननचे ६००डी, ७००डी किंवा निकॉनचे डी५३००, डी५६०० यांसारखे कॅमेरे किट लेन्ससह १५ ते २५ हजारांत मिळू शकतात. मुंबईकरांनी फोर्टातल्या बोरा बझार भागात चक्कर मारावी. पुण्यातही वापरलेले कॅमेरे विकणारी दुकानं आहेत. घेताना तीन गोष्टी बघा. एक, शटर किती वेळा पडलं आहे. साध्या बॉडीला पन्नास हजारांच्या आत असेल तर चिंता नको. दोन, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का. ती बुरशी, आणि बुरशीची लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तीन, सीरियल नंबर लिहिलेलं बिल.

नव्या कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. ‘बिल नको, आठ-दहा हजार कमी लावतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. असा माल बऱ्याचदा बाहेरच्या बाजारातला असतो आणि कंपनीची भारतातली वॉरंटी त्याला लागू होत नाही. पक्कं बिल हातात असेल, तर फसवणूक झाल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्कही लागत नाही. एखाद्या दिवसापुरता कॅमेरा हवा असेल, पालखीसाठी किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी, तर भाड्याने मिळतो. बॉडी आणि लेन्स मिळून दिवसाला हजार रुपयांच्या आसपास, वर अनामत आणि ओळखपत्र. पालखीच्या दिवसांत मागणी जास्त असते, आठवडाभर आधी सांगून ठेवा.

बाकीचं सामान थोडकंच. ६४ जीबीचं कार्ड हजारभर रुपयांना, जादा बॅटरी हजारभराला, साधी बॅग हजाराला. पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं मिळून ५०० रुपयांत होतात. पाच-सहा हजारांचं ड्राय कॅबिनेट पहिल्या वर्षी नको. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटातल्या बॅगेत मात्र ठेवू नका. दमट हवेत बुरशी धरते ती तिथेच. फोटो थोडेफार सावरायला फोनवर स्नॅपसीड आणि संगणकावर डार्कटेबल पुरेसं आहे, दोन्ही फुकट. ट्रायपॉड घेऊच नका. गल्लीत तो मांडला की माणसं थबकतात, वाट अडते आणि तुम्ही शूटिंगवाले ठरता.

विचारायचं कसं

कॅमेरा बाहेर काढण्याआधी चहा घ्या. त्याला १०-१५ रुपये लागतात. नाव सांगा, राहता कुठे ते सांगा. ‘काका, तुमचं काम बघत थांबू का थोडा वेळ?’ एवढ्यावर बहुतेक ठिकाणी बसायला स्टूल पुढे येतं. फोटोचं नंतर विचारा. प्रश्न ठरलेले असतात: ‘कशाला पाहिजे?’, ‘पेपरात येणार का?’, ‘महापालिकेकडून आलात का?’ शेवटच्या प्रश्नामागे खरी भीती असते, कारण अतिक्रमणाची कारवाई करणारेही आधी फोटोच काढतात. पथारीवाल्यांच्या बाबतीत हे कायम लक्षात ठेवा. सरळ सांगा: ‘मला छंद आहे. तुम्हाला एक प्रिंट आणून देईन. कुठे टाकायचा झाला तर आधी तुम्हाला विचारेन.’ मग तो शब्द पाळा.

‘नको’ म्हणाले तर कॅमेरा खाली. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही. झोपलेल्या, आजारी किंवा दारूच्या नशेतल्या माणसाचा तर नाहीच. बुधवार पेठेतल्या ज्या गल्ल्यांत वेश्यावस्ती आहे, तिथून जाताना कॅमेरा बॅगेत बंद असू द्या, फोनही खिशात. तिथल्या बायकांचा एक फोटो बाहेर गेला तर गावाकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचू शकतो, आणि त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

फोटोसाठी पैसे द्यावेत का, हे बरेचजण विचारतात. देऊ नयेत असं मला वाटतं. पैसे दिले की पोझ मिळते आणि बोलणं थांबतं. त्यापेक्षा त्यांचा माल घ्या. बुरूड आळीतलं सूप किंवा टोपली शे-दोनशेत येते, मंडईत भाजी तर आपल्याला घ्यायचीच असते. चहापाणी आणि अशी किरकोळ खरेदी मिळून महिन्याला २५० रुपये धरा, वर्षाचे ३,००० होतात.

कायद्याचं थोडक्यात. रस्त्यावर, बाजारात फोटो काढायला सरसकट बंदी नाही. लष्करी आस्थापना आणि ‘छायाचित्रणास मनाई’ अशी पाटी असलेल्या जागा अर्थातच सोडा. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे भारतीयांना २५ रुपये तिकीट आहे, साध्या फोटोंना वेगळे पैसे नाहीत, पण ट्रायपॉडला परवानगी लागते. तुम्ही काढलेल्या फोटोचे हक्क तुमचेच. पण जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी तो द्यायचा असेल, तर त्यातल्या माणसाची लेखी संमती घ्या.

प्रिंट: या खर्चाला कात्री नको

माणसांचे फोटो काढून ते लांब कुठेतरी घेऊन जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली; भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. त्याच मंडळींपैकी विल्यम जॉन्सन यांनी १८६०च्या दशकात मुंबईच्या रहिवाशांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतल्या कित्येक फोटोंत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, दोन्ही जोडून केलेलं. माणसांची मांडणी आहे ती जातीजमातींप्रमाणे. अभ्यासकांना ते खंड मोलाचे आहेत. पण आपल्याच शहरातल्या माणसांकडे आज आपण तसं ‘नमुना’ म्हणून बघू नये, असं मला मनापासून वाटतं. आपला कारागीर नावानिशी ओळखीचा असावा, आणि त्याचा फोटो त्याच्या घरी असावा.

महिन्याला २५ प्रिंटा धरा. १२ रुपयांप्रमाणे ३०० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,६००. लॅबवाल्याला मॅट कागद सांगा. तेलाचे, काजळीचे हात लागले की ग्लॉसीवर डाग उठतात आणि दमट हवेत ती फ्रेमच्या काचेला चिकटते. एकाच लॅबकडे दर महिन्याला एकगठ्ठा दिलंत तर दर थोडा कमी होतो, विचारून बघा. मागच्या बाजूला नाव, जागा आणि तारीख लिहा. बॉलपेन उमटत नाही आणि जेलपेन पसरतं, त्यासाठी ३०-४० रुपयांचा सीडी मार्कर घ्या. नाव त्यांनाच विचारून लिहा, आडनावासकट.

प्रिंट हातात दिल्यावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. फोटो शेजारच्या दुकानात जातो, तिथून पुढच्या दुकानात. ‘याचा काढला, माझा नाही का?’ असं कोणीतरी हाक मारून विचारतं. पुढच्या रविवारी तुम्हाला विचारायचीही गरज उरत नाही. घरात बोलावणं येतं, माडीवर नेऊन जुने फोटो दाखवतात, आजोबांच्या हातची भांडी काढून दाखवतात. जी दारं महागड्या लेन्सने उघडत नाहीत ती उघडायला प्रिंटांचा एक गठ्ठा पुरतो.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत थोडे जास्त पैसे खर्च करा. पेठेतल्या कित्येक घरांत आजी-आजोबांचा धड एकही मोठा फोटो नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या घोळक्यातला. तुम्ही काढलेला, नीट उजेडातला, हसरा चेहरा पुढे त्या घराच्या भिंतीवर वर्षानुवर्षं राहू शकतो. म्हणून अशा चेहऱ्यांची मूळ फाइल कधीही पुसू नका, नावानिशी वेगळी ठेवा. आठ बाय बारा इंचांची प्रिंट शंभराच्या आसपास आणि साधी फ्रेम ३००-४०० रुपयांना होते. फ्रेमचे पैसे घरचे आग्रहाने देऊ लागले तर घ्यावेत, त्यांनाही बरं वाटतं. दुःखाच्या प्रसंगी फोटो मागायला आले, तर त्याच संध्याकाळी फाइल द्या आणि तेव्हा मात्र पैसे घेऊ नका.

आळीतलं प्रदर्शन

वर्षअखेरीस प्रदर्शन करावं, ते त्याच आळीत. कलादालनात मांडलंत तर फोटोग्राफर मित्र येतील. आळीत मांडलंत तर फोटोतली माणसं येतील, त्यांचे जावई आणि नातवंडं येतील. गणेशोत्सवाच्या आधी मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोला. जागा, वीज आणि मांडायला हात हे सगळं मंडळाकडे असतं आणि आपल्याच आळीचे फोटो म्हटल्यावर सहसा नाही म्हणत नाहीत. १२ बाय १८ इंचांची प्रिंट सनबोर्डवर चिकटवून साधारण २०० रुपयांना मिळते. अशा २० प्रिंटांचे ४,००० आणि सुतळी, चिमटे, नावांच्या पट्ट्या यांचे ५०० मिळून ४,५०० रुपये. फोटो निवडताना आळीतल्याच दोघा-तिघांना बरोबर घ्या. तुम्हाला सुंदर वाटलेला एखादा फोटो ते बाजूला काढतील, कारण त्यात माणूस थकलेला, केविलवाणा दिसतो. त्यांचं ऐका. प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक प्रिंट ज्याची त्याला द्या.

एकूण हिशेब

प्रवास २,४००, प्रिंटा ३,६००, चहापाणी आणि खरेदी ३,०००, प्रदर्शन ४,५००. फोनवर काम भागवलंत तर वर्षाचे १३,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वा अकराशे. फ्रेमा, मोठ्या प्रिंटा आणि भाड्याचा कॅमेरा यात धरलेला नाही. ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे.

वापरलेला कॅमेरा २०,०००, वापरलेली ५० मिमी लेन्स ६,००० आणि कार्ड, बॅटरी, बॅग, डबा मिळून ३,५०० धरले, तर यंत्रावर २९,५०० रुपये जातात आणि पहिलं वर्ष ४३,०००ला पडतं. दुसऱ्या वर्षापासून पुन्हा साडेतेरा हजारच. नवा मिररलेस किट लेन्ससह ६५,००० आणि त्याला नवी ५० मिमी लेन्स घेतलीत, तर पहिल्या वर्षाचा आकडा ९२,०००च्या घरात पोचतो. त्याने फोटो काही पटींनी चांगले येतील असं नाही. मी तरी सुरुवातीला कोणालाही हा मार्ग सांगणार नाही.

हात आखडता घ्यावा लागला तर प्रदर्शनाच्या प्रिंटा निम्म्या करा, महिन्यातले दोनच रविवार जा, कॅमेरा पुढच्या वर्षावर ढकला. मित्रांनी मिळून एक कॅमेरा घेतला तरी चालतो. फोटोवॉकला जाणं फुकट असतं, पण पंधरा-वीस कॅमेरे एकदम गल्लीत शिरले की बोलणं होत नाही. शिकायला एखाद्या वेळी जा, कामाला एकटे किंवा दोघंच जा. पैसे भरून करायच्या कार्यशाळाही पहिल्या वर्षी टाळल्या तरी काही अडत नाही.

येत्या रविवारी सकाळी आठच्या सुमाराला तुमच्या घराजवळच्या बाजारात फोन घेऊन जा. विचारून दहा फोटो काढा, शनिवारपर्यंत छापून घ्या आणि पुढच्या रविवारी ज्याचे त्याला नेऊन द्या. कॅमेरा घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.